गणितज्ञ गाउस : वहीत राहून गेलेला शोध



२३ फेब्रुवारी ही थोर जर्मन गणितज्ञ कार्ल फ्रीडरिख गाउस यांची पुण्यतिथी आणि २८ फेब्रुवारी हा आपला राष्ट्रीय विज्ञान दिन. या दोन दिवसांचे निमित्त साधून वार्तापत्राच्या या अंकात आम्ही गाउस यांचे चरित्र देत आहोत. १ ते १०० या संख्यांची बेरीज चटकन करणारा मुलगा म्हणून तुम्ही त्यांचे नाव ऐकले असेल. आम्हांला मात्र त्यांच्या एका वहीची गोष्ट सांगायची आहे. त्या वहीत त्यांनी श्रम वाचवणारी एक युक्ती लिहिली आणि वही बाजूला ठेवली. पुढे १६० वर्षांनी तीच युक्ती जगाला नव्याने शोधावी लागली. आज घरोघरचे मोबाईल आणि पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बीण, दोघांचेही काम त्या युक्तीवाचून अडेल.

बालपण

कार्लचा जन्म ३० एप्रिल १७७७ रोजी ब्राउनश्वाइग या जर्मन शहरात झाला. घरची परिस्थिती बेताचीच होती. वडील गवंडीकाम, बागकाम अशी मिळतील ती कामे करीत. आई डोरोथेया हिला लिहिता येत नव्हते. मुलाची जन्मतारीख कुठेच टिपून ठेवलेली नव्हती. ईस्टरनंतर येणाऱ्या स्वर्गारोहणाच्या सणाआधी आठ दिवस, बुधवारी तो जन्मला, एवढे आईच्या लक्षात होते. आपल्याकडेही जुनी माणसे होळीच्या आधीचा, आखाजीच्या नंतरचा असाच जन्मदिवस सांगतात. ईस्टर दरवर्षी वेगळ्या तारखेला येतो. पुढे १८०० साली गाउस यांनी कोणत्याही वर्षीच्या ईस्टरची तारीख काढण्याची रीतच बसवली. आईच्या आठवणीचा हिशेब मुलाने असा पुरा केला.

शाळेतील ती प्रसिद्ध गोष्ट अशी सांगतात. ब्युटनर नावाच्या गुरुजींनी मुलांना गप्प बसवण्यासाठी १ ते १०० या संख्यांची बेरीज करायला दिली. बाकीची मुले पाटीवर आकडे मांडीत असतानाच कार्लने उत्तर लिहून पाटी गुरुजींपुढे ठेवली. १ आणि १०० मिळून १०१, २ आणि ९९ मिळून १०१, अशा ५० जोड्या. म्हणून उत्तर ५०५०. गुरुजींनी नेमकी कोणती उदाहरणे घातली होती याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पण या मुलाचा स्वभाव मात्र गोष्टीतून बरोबर दिसतो. आकडे समोर आले की तो लगेच कामाला भिडत नसे. आधी त्यांची मांडणी बदलून पाहायची आणि काम कमी होते का ते बघायचे, ही त्याची सवय होती.

वडिलांना वाटे, मुलाने लवकर कामाला लागून घराला हातभार लावावा. ब्युटनर गुरुजी कडक होते, पण गुणग्राहक होते. त्यांनी कार्लसाठी हॅम्बुर्गहून अंकगणिताचे चांगले पुस्तक मागवले. त्यांचा मदतनीस मार्टिन बार्टेल्स कार्लहून सातआठ वर्षांनीच मोठा होता. दोघे एकत्र बसून गणिते सोडवीत. पुढे ब्राउनश्वाइगचे ड्यूक कार्ल विल्हेल्म फर्डिनांड यांच्या कानावर या मुलाची कीर्ती गेली आणि त्यांनी शिक्षणाचा खर्च उचलला. एका गुरुजींनी ओळखले, एका मोठ्या मित्राने सोबत केली आणि एका दात्याने हात दिला, म्हणून एका कष्टकऱ्याचा मुलगा १७९५ साली गॉटिंगेनच्या विद्यापीठात पोहोचला.

वर्ष उलटण्याच्या आतच, ३० मार्च १७९६ रोजी, त्यांना एक मोठा शोध लागला. केवळ पट्टी आणि कंपास वापरून १७ समान बाजूंची सुसम आकृती काढता येते, हे त्यांनी सिद्ध केले. हा प्रश्न ग्रीकांच्या काळापासून कोणाला सुटलेला नव्हता. त्याच दिवशी त्यांनी एक लहानशी रोजनिशी सुरू केली आणि पुढे तीत १४६ शोधांच्या नोंदी केल्या. कित्येक नोंदी जेमतेम एका ओळीच्या आहेत. त्यांच्या निधनानंतर चाळीसहून अधिक वर्षांनी ही रोजनिशी अभ्यासकांच्या हाती आली. कितीतरी गोष्टी इतरांच्या आधी गाउस यांना ठाऊक होत्या, हे तेव्हा लोकांना कळले.

हरवलेला ग्रह

१८०१ सालच्या पहिल्याच रात्री इटलीतील पालेर्मो येथे पियाझी या खगोलशास्त्रज्ञांना आकाशात एक नवा, लहान ग्रह दिसला. त्याला सेरेस असे नाव मिळाले. पियाझींनी सुमारे सहा आठवडे तो पाहिला. त्यानंतर तो सूर्याच्या उजेडात दिसेनासा झाला. पुन्हा कोठे शोधायचा, हे कोणालाच सांगता येईना, कारण त्याच्या वाटेचा अगदी छोटा तुकडाच हाती होता.

चोवीस वर्षांच्या गाउस यांनी त्या थोड्या निरीक्षणांवरून ग्रहाची पूर्ण कक्षा काढण्याची नवी रीत तयार केली. त्यांनी जेथे सांगितले होते त्याच्या जवळच, ३१ डिसेंबर १८०१ च्या रात्री, फॉन झाख यांना सेरेस सापडला. दुसऱ्याच रात्री डॉ. ओल्बर्स यांनीही तो पाहिला. गाउस यांचे नाव युरोपभर झाले. १८०२ मध्ये ओल्बर्स यांना पॅलास नावाचा दुसरा लघुग्रह सापडला आणि १८०४ मध्ये जुनो हा तिसरा लघुग्रह उजेडात आला. या सगळ्यांच्या कक्षा मोजण्याचे काम गाउस यांच्याकडे येत गेले. हाताखाली यंत्र नव्हते. कागद, लेखणी आणि लॉगॅरिथमची कोष्टके एवढेच साहित्य होते. एकेका कक्षेच्या आकडेमोडीत दिवसच्या दिवस जात.

बारा निरीक्षणे

आता ती युक्ती. आधी एक साधी गोष्ट ध्यानात घेऊ. आपल्या दादरा-नगर हवेलीत सणासमारंभात तारपा वाजतो, सोबत ढोल असतो, नाचणाऱ्यांच्या पायांतले घुंगरू असतात. कानावर हवेची एकच थरथर येते. तरीही तारपा कोणता, ढोल कोणता, हे कान वेगळे ओळखतो. गणितातही असे करता येते. कोणतीही गुंतागुंतीची लाट ही वेगवेगळ्या साध्या लाटांची बेरीज मानायची आणि प्रत्येक साधी लाट किती प्रमाणात आहे ते काढायचे. फ्रेंच शास्त्रज्ञ जोसेफ फूरिये यांनी १८०७ मध्ये उष्णतेच्या अभ्यासात ही रीत मांडली आणि १८२२ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला, म्हणून तिला फूरिये रूपांतर असे म्हणतात. लाटांच्या बेरजेची कल्पना त्यांच्याआधीच्या काही गणितज्ञांनाही होती आणि गाउस यांनाही होती.

गाउस यांच्यापुढे पॅलासच्या मार्गावरील १२ स्थाने होती, वर्तुळावर दर ३० अंशांना एक. या १२ आकड्यांवरून त्यातील साध्या लाटा काढायच्या होत्या. सरळ मार्गाने गेले तर १२ उत्तरे हवीत आणि प्रत्येक उत्तरासाठी १२ ही आकडे वापरायचे. म्हणजे ढोबळमानाने १२ × १२ = १४४ गुणाकार.

गाउस यांनी येथेही आधी मांडणी बदलली. वर्गातील मुलांना गटांत बसवावे तसे त्यांनी आकडे बसवले. पहिला, चौथा, सातवा, दहावा हा एक गट. दुसरा, पाचवा, आठवा, अकरावा हा दुसरा. उरलेले चार तिसऱ्या गटात. चार आकड्यांच्या एका गटाचे काम ४ × ४ = १६ गुणाकारांचे. तीन गटांचे ४८. मग तिन्ही गटांची उत्तरे जुळवायची. १२ उत्तरे आणि प्रत्येकासाठी ३ आकडे, म्हणजे ३६. एकूण ८४. काम १४४ वरून ८४ वर आले आणि उत्तर तेच राहिले, तंतोतंत.

१२ आकड्यांत फरक लहान वाटतो. पण आकडे १०२४ असतील तर? सरळ मार्गाने १०,४८,५७६ गुणाकार. गटांचे पुन्हा गट, त्यांचे पुन्हा गट, असे निम्मे निम्मे करीत गेलो तर दहा पायऱ्यांत आपण एका आकड्यावर येतो आणि काम सुमारे १०२४ × १० = १०,२४० इतकेच उरते. म्हणजे शंभरातला एक भाग. आकडे जितके जास्त, तितकी बचत मोठी. विद्यार्थ्यांनी १२ आकड्यांचा हिशेब स्वतः वहीत करून पाहावा. तीनऐवजी चार गट केले तर गुणाकार किती होतात, तेही पाहावे.

वही मागे पडली

गाउस यांनी हे सारे लॅटिन भाषेत एका प्रबंधात लिहून काढले. अभ्यासकांच्या मते हे १८०५ च्या शरद ऋतूतले लेखन असावे, म्हणजे फूरिये यांनी आपली रीत मांडण्याच्याही आधीचे. ९ ऑक्टोबर १८०५ रोजी त्यांचा योहाना ओस्टहोफ यांच्याशी विवाह झाला. आयुष्यातला तो आनंदाचा काळ होता.

पुढची वर्षे मात्र कठीण गेली. १८०६ मध्ये नेपोलियनच्या सैन्याशी लढताना ड्यूक प्राणांतिक जखमी झाले आणि गाउस यांचा आधार गेला. फ्रान्समधील सोफी जर्मेन ही तरुण विदुषी पुरुषाचे नाव घेऊन गाउस यांच्याशी गणितावर पत्रव्यवहार करीत असे. युद्धात गाउस यांना इजा होऊ नये म्हणून तिने ओळखीच्या एका फ्रेंच सेनाधिकाऱ्याला गळ घातली आणि त्यातूनच तिचे खरे नाव गाउस यांना कळले. त्यांनी तिच्या बुद्धीचे आणि धैर्याचे मनापासून कौतुक केले. मुलींना विद्यापीठाचे दार बंद होते त्या काळातली ही गोष्ट आहे.

१८०७ मध्ये गाउस गॉटिंगेनच्या वेधशाळेचे प्रमुख झाले. जेत्या फ्रेंचांनी प्राध्यापकांवरही युद्धकर बसवला. गाउस यांच्या वाट्याला २००० फ्रँक आले. ओल्बर्स यांनी पैसे पाठवले, ते गाउस यांनी परत केले. घरात चणचण असूनही मिंधेपणा त्यांना नको होता. ११ ऑक्टोबर १८०९ रोजी बाळंतपणानंतर योहाना गेल्या आणि पाठोपाठ ते बाळही गेले. पुढच्या वर्षी त्यांनी मिन्ना वाल्डेक यांच्याशी दुसरा विवाह केला. पण पहिल्या घावाची खूण आयुष्यभर राहिली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

काम मात्र थांबले नाही. हॅनोवर राज्याची जमीनमोजणी त्यांनी केली आणि तिच्यासाठी सूर्याचा उजेड आरशाने दूरवर पाठवणारे हेलिओट्रोप हे उपकरण बनवले. १८३३ मध्ये विल्हेल्म वेबर यांच्यासह त्यांनी वेधशाळा आणि पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा यांच्यात सुमारे एक किलोमीटर तार टाकून विजेने संदेश पाठवले. चुंबकीय क्षेत्राच्या एका एककाला आज गाउस हेच नाव आहे. म्हातारपणी दृष्टी गेलेल्या आईला त्यांनी आपल्याजवळ ठेवून घेतले. ती नव्वदी ओलांडून १८३९ मध्ये वारली. २३ फेब्रुवारी १८५५ रोजी गाउस यांचे निधन झाले.

तो १२ आकड्यांचा प्रबंध मात्र त्यांनी कधीच छापला नाही. पूर्ण पिकल्याशिवाय फळ झाडावरून काढायचे नाही, अशी त्यांची वृत्ती होती. त्यांच्या मुद्रेवरही मोजकीच फळे धरलेले झाड होते. या वृत्तीमुळे त्यांचे छापलेले लेखन निर्दोष आहे. पण तिची दुसरी बाजूही मुलांना सांगितली पाहिजे. हंगेरीतील यानोश बोल्याई या तरुणाने नव्या प्रकारची भूमिती शोधली. त्याच्या वडिलांनी, म्हणजे गाउस यांच्या जुन्या मित्राने, १८३२ मध्ये ती गाउस यांच्याकडे पाठवली. हे आपल्याला पूर्वीच सुचले होते, असे गाउस यांनी कळवले. ते खरेच होते, पण त्या मुलाचे मन मोडले. न दाखवलेल्या ज्ञानाने असेही नुकसान होते.

पुन्हा लागलेला शोध

प्रबंध अखेर १८६६ मध्ये गाउस यांच्या समग्र लेखनाच्या तिसऱ्या खंडात छापला गेला. तो लॅटिनमध्ये होता, चिन्हे जुन्या पद्धतीची होती आणि मोठ्या आकडेमोडीची यंत्रे अजून यायची होती. कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. १९६५ मध्ये अमेरिकेत जेम्स कूली आणि जॉन टुकी यांनी संगणकासाठी हीच रीत स्वतंत्रपणे शोधून छापली. तिला वेगवान फूरिये रूपांतर असे नाव मिळाले आणि काही वर्षांतच ती जगभर पसरली. मूळ रीत गाउस यांच्या प्रबंधात आहे, हे १९८४ मध्ये अमेरिकेतील तीन अभ्यासकांनी जुने खंड तपासून सविस्तर दाखवले.

आता रेडिओकडे वळू. जुन्या रेडिओत हव्या त्या स्टेशनची लहर वेगळी करण्यासाठी तारांची वेटोळी, कंडेन्सर असे खास भाग असत. काम बदलायचे तर भाग बदलावे लागत. सॉफ्टवेअर रेडिओत अँटेनावरून येणारी लहर दर सेकंदाला लाखो वेळा मोजून तिचे आकडे करतात आणि पुढचे काम संगणकातील प्रोग्राम करतो. प्रोग्राम बदलला की तोच संगणक दुसरे काम करतो. अडचण एकच असते. आकडे थांबत नाहीत. मागच्या आकड्यांचा हिशेब पुरा होण्याआधी पुढचे दारात उभे असतात. सरळ मार्गाने गेले तर साधा संगणक केव्हाच मागे पडेल. गाउस यांच्या गटांच्या युक्तीमुळे तो वेळेत पुरा पडतो.

त्यातही मांडणीचे महत्त्व आहेच. किराणा दुकानदार रोज लागणारा माल हाताशी ठेवतो आणि बाकीचा मागच्या खोलीत. प्रोसेसरलाही हाताशी छोटी स्मरणजागा असते. गट तिच्यात मावतील असे पाडले तर मागच्या खोलीतल्या खेपा वाचतात. १९९७ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत मातेओ फ्रिगो आणि स्टीवन जॉन्सन यांनी एफएफटीडब्ल्यू नावाचा प्रोग्राम तयार केला. हा प्रोग्राम ज्या संगणकावर ठेवाल त्यावर गट पाडण्याचे वेगवेगळे प्रकार चालवून बघतो आणि सगळ्यांत जलद ठरेल तो निवडतो.

आपल्या जवळचे उदाहरण खोडदचे. नाशिकहून पुण्याकडे जाताना नारायणगाव लागते. तेथून आत खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची जीएमआरटी ही दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. प्रत्येक तबकडीकडे आलेली लहर आधी साध्या लहरींत वेगळी करायची आणि मग तबकड्यांच्या जोड्या लावून ताडून पाहायच्या. ३० तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात. सुरुवातीला हे काम त्याच एका कामासाठी बनवलेल्या खास विद्युत मंडलांवर होत असे. पुढे तेथील शास्त्रज्ञांनी साध्या प्रोसेसरचे संगणक एकमेकांना जोडून, प्रोग्रामच्या बळावर तेच काम निरीक्षण चालू असतानाच करून दाखवले. त्यावरील शोधनिबंध २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. पुढील काळात तेथे आणखी वेगवान साधने आली, पण गट पाडण्याची युक्ती तीच. पॅलासच्या १२ आकड्यांसाठी काढलेली वाट आज दूरच्या आकाशगंगांकडून येणाऱ्या लहरींसाठी वापरली जाते.

आमची विनंती

हे चरित्र लिहिताना आम्हांला एक गोष्ट राहून राहून जाणवली. आपण मुलांच्या पक्क्या वह्या जपतो, तपासतो, प्रदर्शनात मांडतो. कच्च्या वह्या मात्र वर्ष संपताच रद्दीत जातात. खरा विचार, खाडाखोड, दुसरी वाट शोधण्याची धडपड त्या कच्च्या वहीतच असते. गाउस यांच्यासारख्या थोर माणसाचा शोध वहीत पडून राहिला, तेव्हा जगाचे नुकसान झाले. आपल्या मुलांच्या वह्यांत काय पडून आहे, ते निदान एकदा उघडून पाहूया.

म्हणून पालकांना विनंती की परीक्षा झाल्यावर कच्ची वही रद्दीवाल्याला देण्यापूर्वी मुलाशेजारी दहा मिनिटे बसून ती चाळावी. शिक्षकांना विनंती की वेगळ्या रीतीने सोडवलेले उदाहरण, उत्तर चुकले असले तरी, फळ्यावर मांडू द्यावे. विश्वस्त मंडळाला विनंती की यंदाच्या विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात एक टेबल कच्च्या वह्यांसाठी राखून ठेवावे. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला सुचलेली युक्ती लहान वाटली, अर्धी वाटली, तरी ती कोणाला तरी दाखवा. ब्युटनर गुरुजींसमोर पाटी ठेवली होती, तशी.